पिवळ्या वायरीवरचा दोरा

गुरुवारी सकाळी अण्णा गेला. मी ग्रंथालयात होते. वदिनाचा फोन आला. मी कपाटांना कुलपं लावली आणि निघाले. दवाखान्यात पोचले तेव्हा त्याला बाहेर आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. दुकानाच्या किल्ल्या वदिनाच्या हातात होत्या.

आम्ही सोलापुरातली तेलुगू माणसं. थोरल्या भावाच्या बायकोला वदिना म्हणतो आणि धाकट्या बहिणीला चेल्ले. अण्णा माझा थोरला भाऊ, नाव अंबादास. गाड्यांच्या वायरिंगचं त्याचं दुकान अक्कलकोट रस्त्यावर होतं. दहाव्याला रस्त्यावरचे बरेच दुकानदार आले. गेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात, आणि मला अशा बोलण्याचा पहिल्यापासून संशय येतो. तसा तेव्हाही येत होता. पण एका गॅरेजवाल्याचं बोलणं मात्र माझ्या कानात राहिलं. पुढच्या कोपऱ्यावर त्याचं मोठं गॅरेज आहे. खुर्चीत पाय हलवत तो म्हणाला, "अण्णा म्हणजे देवमाणूस हो. शेवटी शेवटी जरा... आता काय बोलायचं. दिवा विझला की गिऱ्हाईक खूश. शेवटी सगळे तेच करतात की." एवढं बोलून त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला. त्या वाक्याचा अर्थ तिथे बसलेल्या बहुतेकांना कळला नसेल. मला कळला. आणि त्याच क्षणी मला अंगणात उभी असलेली माझी गाडी आठवली. तिचा दिवा अण्णानेच विझवला होता, दोनच महिन्यांपूर्वी.

हा दिवा काय प्रकार आहे ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. आमच्या लहानपणी घरातच दोन माग होते. नाना, म्हणजे आमचे वडील, चादरी विणायचे. मागावर आडवा धागा तुटला तर माग आपोआप थांबतो. उभा धागा तुटला तर मात्र थांबत नाही. माग चालूच राहतो, आवाजही तोच येतो, आणि कापडात एक रेघ पडत जाते. ती लक्षात येते तेव्हा हातभर कापड वाया गेलेलं असतं. म्हणून नाना चालत्या मागावर सारखा तळहात फिरवायचे. अण्णा मागावर बसला नाही, दहावीनंतर वायरिंग शिकायला गेला, पण ती सवय त्याने घेतली. तो म्हणायचा, "थांबणाऱ्याची भीती नसते, चेल्ले. चालू राहतो ना, त्याच्यावर हात ठेवायचा." त्याला कशाचाच भरवसा नव्हता. दुधवाल्याचं माप, रिक्षाचं मीटर, लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त, सगळ्याकडे तो डोळे बारीक करून बघायचा. मी नवं पुस्तक वाचत असले तर विचारायचा, "हे खरं आहे का नुसतं लिहिलंय?" कादंबरी आहे म्हटलं की म्हणायचा, "मग त्यानं आधीच कबूल केलं म्हणायचं. चांगला माणूस आहे."

हल्लीच्या गाड्यांत सीटचा पट्टा दोन दारांमधल्या खांबातून येतो. त्या खांबाच्या तळाशी पट्ट्याची गुंडाळी असते, आणि तिच्यात फटाक्यासारख्या दारूची एक लहानशी कुपी. गाडी धडकली की गाडीतला कॉम्प्युटर कुपीला वीज पाठवतो, कुपी उडते, आणि पट्टा डोळ्याचं पातं लवायच्या आत मागे ओढला जाऊन माणसाला सीटला आवळून धरतो. याला प्रीटेन्शनर म्हणतात. कुपीकडे जाणाऱ्या वायरी पिवळ्या असतात. हात लावणाऱ्याने सांभाळून लावावा म्हणून तो रंग. किल्ली फिरवली की समोर एअरबॅगचा तांबडा दिवा पेटतो. कॉम्प्युटर पिवळ्या वायरीतून अगदी थोडी वीज सोडून विचारतो, आहेस का तिथे? वायर आणि कुपी मिळून विजेला होणारा अडथळा ठरलेला आहे. उत्तर बरोबर आलं की दिवा विझतो. कुठे जोड सैल झाला, वायर जोडायचा कपलर गंजला, उंदराने दात लावले की उत्तर चुकतं आणि दिवा पेटलेलाच राहतो. तो का पेटला हे शोधणं हे अण्णाचं काम. आणि या शहरात ते काम करणारे थोडे होते. कारण ते न करता दिवा विझवायची एक सोपी युक्ती आहे. तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टन्स घ्यायचा आणि कुपीऐवजी तो वायरीला जोडून द्यायचा. त्याचा अडथळा कुपीएवढाच. कॉम्प्युटर विचारतो, आहेस का? दाणा म्हणतो, आहे. दिवा विझतो. स्कॅनर लावला तरी सगळं ठीक दिसतं. पट्टाही लागतो, सुटतो, नेहमीसारखा दिसतो. फक्त वेळ आली की तो ओढत नाही.

एकदा माझ्यासमोर एक माणूस आला. गाडी विकायची होती, नुसता दिवा घालवून हवा होता. अण्णा शांतपणे म्हणाला, "त्याला माझ्याकडं कशाला आला? खिळा घ्या आणि गाडीचा डोळा फोडा." तो माणूस म्हणाला, "अहो अण्णा, विकत घेणाऱ्याला काय कळतंय?" अण्णा म्हणाला, "त्याला काही कळणार न्हाय. म्हणून तर." माणूस पुटपुटत निघून गेला. तो त्या कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे वळल्याचं आम्ही दोघांनी पाहिलं. पुढच्या आठवड्यात ती गाडी विजापूर रोडवर दिसली, म्हणून अण्णा दोन दिवस जेवताना तिच्याबद्दलच बोलत होता. चालवणारा दुसराच होता. शेजारी बाई, बाईच्या मांडीवर मूल.

अण्णाच्या कामाची एक रीत होती. आधी बॅटरीची तार काढायची आणि मग चहा मागवायचा. तार काढली तरी आतल्या पेटीत थोडा वेळ वीज साठून राहते, आणि त्या वेळात पिवळ्या वायरीला हात लावला तर कुपी उडू शकते. तो वेळ चहात जायचा. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की तो त्याच्याही हातात कप द्यायचा. चहानंतर तो खांबाचं कव्हर उघडायचा. तुटलेला जोड नव्याने डाक देऊन केला की त्यावर पारदर्शक नळी चढवायचा, काळी कधीच नाही. झाकलेल्या जोडावर विश्वास ठेवू नये, असं त्याचं म्हणणं. मग वायर हलू नये म्हणून ती बाकीच्या वायरींना बांधून टाकायची. इतर लोक टेप लावतात. अण्णा म्हणायचा, "सोलापूरच्या उन्हात टेप म्हणजे गूळ." तो दोऱ्याने बांधायचा, नानांच्या मागाच्या उरलेल्या पांढऱ्या सुताने, मेण लावून. शेवटी विणकराची गाठ, जी ओढावी तितकी घट्ट होते, आणि टोकं आखूड कापलेली. त्याच्या हाताखालून गेलेली गाडी त्या गाठीवरून ओळखू यायची.

त्याचा संशय नेहमी बरोबरच ठरायचा असं मात्र नाही. शेजारच्या दुकानात इस्माईलभाई गाड्यांच्या सीटांना कव्हरं शिवतात. मोहोळच्या एका अडत व्यापाऱ्याची गाडी अण्णाकडे पुन्हा पुन्हा येत होती. दिवा पेटायचा, अण्णा तपासायचा, काही सापडायचं नाही, आणि पंधरवड्याने पुन्हा पेटायचा. त्या गाडीची कव्हरं इस्माईलभाईंनी शिवलेली. अण्णाने सरळ दुकानात जाऊन आरोप केला, "इस्माईल, तुझ्या सुयांनी माझी वायर मारली." इस्माईलभाई मशीनवरून न उठता म्हणाले, "अण्णा, मैं सीटां सीतूं, वायरां नै. तुमारा शक है ना, एक दिन तुमारी चाय में गिरेगा." त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. भिंतीला भिंत लागून दुकानं आणि चहा दोन वेगळ्या टपऱ्यांवरून. शेवटी अण्णा बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याबरोबर स्वतः गाडीत बसून मोहोळला गेला. परत निघताना व्यापाऱ्याने ज्वारीचं पोतं आणून चालकाच्या सीटमागे, खांबाला टेकवून उभं केलं. पोत्याखाली गालिचा, गालिच्याखाली पिवळी वायर. दोन खड्डे गेले आणि दिवा पेटला. व्यापारी म्हणाला, "लई वर्षं तितंच ठेवतोय की पोतं. जुन्या गाडीला कधी काय झालं न्हाय." अण्णा म्हणाला, "जुन्या गाडीला दिवा कुटं होता, मालक?" परत आल्यावर तो आधी आपल्या दुकानात गेला. दुकानातलं लाकडी स्टूल उचललं, इस्माईलभाईंपुढे ठेवलं आणि म्हणाला, "याला कव्हर शिव." स्टुलाला कव्हराची काही गरज नव्हती. इस्माईलभाईंनी तांबड्या रेक्झिनचं शिवलं, आत फोम घालून. संध्याकाळी दोघांचा चहा एकाच टपरीवरून आला.

आता माझ्या गाडीबद्दल. यंदा उन्हाळ्यात तिचा दिवा पेटला. स्कॅनरने सांगितलं, डाव्या बाजूचा पट्टा, म्हणजे चालकाशेजारच्या सीटचा. मी गाडी अण्णाकडे ठेवली. एरवी असं काम चालू असताना मी दुकानात बसत असे, तो मला दाखवत असे. या वेळी म्हणाला, "तू जा, पुस्तकं बघ तुझी." दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर शटर अर्धं खाली ओढलेलं. बाहेरूनच हाक मारली. "झालं नाही अजून," आतून आवाज आला, "ऊन लागतंय, म्हणून ओढलंय." टपरीवाला तेव्हाच शटरखालून रिकामे कप बाहेर घेत होता. दोन कप होते. "आत कोण आहे?" मी विचारलं. "कोण असणार? मीच," अण्णा म्हणाला. संध्याकाळी गाडी मिळाली. दिवा किल्लीबरोबर पेटला आणि विझला. मी विचारलं, काय होतं? तो म्हणाला, "जोड." एवढंच. ज्याला एका जोडावर तासभर बोलता यायचं तो माणूस एका शब्दात थांबला... तेव्हा मला वाटलं, उन्हाने थकला असेल. दहाव्यानंतर त्या दोन कपांचा अर्थ मी वेगळा लावू लागले. दुसरा कप कुणाचा होता? कोपऱ्यावरच्या गॅरेजातलं कुणी आलं होतं का? जमत नव्हतं म्हणून त्याने तो दाणा तर टाकला नाही? बहिणीची गाडी म्हणून चालून जाईल, असं त्याला वाटलं असेल का?

हे मी मनातच ठेवलंही असतं. पण पुण्याला राहणाऱ्या वदिनाच्या भाचीने तिला काही दिवस आपल्याकडे बोलावलं, आणि मीच गाडीने सोडते म्हणाले. वदिना माझ्या शेजारी बसणार होती. तोच पट्टा. जाण्याचा दिवस ठरला आणि मी किल्ली फिरवून दिव्याकडे बघत बसू लागले. पेटायचा, विझायचा, अगदी बरोबर. दाणा असता तरी तो असाच विझला असता. उघडून बघावं तर गेलेल्या भावाला मी खोटा समजते असा अर्थ होत होता. न बघावं तर त्याने आयुष्यभर जे सांगितलं तेच खोटं पडत होतं. वदिना घरी विड्या वळते, लग्नाआधीपासून. सुपात तेंदूपानं घेऊन ती बसली होती तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वदिना, माझी गाडी दुरुस्त केली तेव्हा अण्णाबरोबर दुकानात कोण होतं?" तिचा हात पानावर थांबला. मग ती म्हणाली, "मला काय माहीत? मी घरी विड्या वळत होते." तिने वर पाहिलं नाही. ती लपवते आहे हे मला स्वच्छ दिसलं. आता मला तिचाही संशय येऊ लागला.

शनिवारी ग्रंथालय लवकर बंद होतं. मी गाडी इस्माईलभाईंच्या दुकानासमोर लावली आणि सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं. मग म्हणाले, "बाई, अण्णा मेरे पे शक करा था, तो मोहोळ जा को देख को आया. तुम बी देखो. बैठ को सोचनेसे क्या होता?" खांबांची कव्हरं काढणं त्यांचं रोजचं काम. आम्ही बॅटरीची तार काढली. चहा मागवला. कप रिकामे होईपर्यंत थांबलो. मग त्यांनी डाव्या खांबाचं खालचं कव्हर अलगद ओढलं आणि गालिचा दुमडला. पिवळी वायर समोर होती. तिच्यावर दोरा होता... पण पांढरं सूत नव्हतं. बारीक गुलाबी दोरा, दाट, एकाला एक लागून घेतलेले वेढे, आणि विणकराची गाठ कुठेच नाही. इस्माईलभाईंनी चष्मा वर सारला. "ये अण्णा का हात नै," ते म्हणाले. मी म्हणाले, "वेढ्याखाली काय आहे ते दिसत नाही." "सोड को देखना पडेगा," ते म्हणाले. पण सोडेना मी, आणि सोडेनात तेही. मी त्या गुलाबी दोऱ्याकडे बघत राहिले. असा दोरा मी रोज बघत होते. कुठे, ते काही केल्या आठवेना, आणि मग आठवलं.

आमचं घर तिथून जवळच आहे. मी जाऊन, दुकानाकडे चल एवढंच सांगून, वदिनाला घेऊन आले. गाडीचं उघडं दार बघितलं आणि तिला कळलं. ती खाली बसली, दोऱ्यावरून बोट फिरवलं. "माझाच आहे," ती म्हणाली. "विडीचा दोरा." मग थांबत थांबत तिने सांगितलं. वर्षभर अण्णाचे हात थरथरत होते. चहाचा कप धरता यायचा, पण सुईएवढी तार कपलरमध्ये बसवता येत नव्हती. डॉक्टरांकडे तो गेला नाही, तिलाही कुणाला सांगू दिलं नाही. "हात हलतात म्हणून कळलं तर ती पिवळी वायर कोण देईल त्यांच्याकडं? तो कोपऱ्यावरचा तर वाटच बघत होता." म्हणून दुपारी ती डबा घेऊन दुकानात जायची, शटर अर्धं खाली यायचं. तो तांबड्या स्टुलावर बसून सांगायचा आणि ती करायची. तार सोल. इतकीच. डाक दे. नळी चढव. सूत तिला नीट आवळता येईना, विडीचा दोरा मात्र बोटांना ठाऊक. "म्हणाले, तुझ्या हाताला जो येतो तोच बांध. गाठ कसली का असेना, सुटली नाही म्हणजे झालं."

इस्माईलभाई म्हणाले, "भाभी, मेरेकू तो बोलना था." वदिना म्हणाली, "तुमच्यापासून तर जास्तच लपवत होते. तुम्ही चिडवलं असतं की." इस्माईलभाई हसले आणि तोंड फिरवून कव्हराच्या क्लिपा मोजू लागले. मी म्हणाले, "राहू दे वदिना. लावून टाकूया कव्हर." मला खरंच तसं वाटलं होतं. वदिनाने माझ्याकडे पाहिलं. "न बघता?" ती म्हणाली. "मी म्हणते म्हणून? तुझ्या अण्णानं असं कधी कुणाला करू दिलं का? माझ्याकडूनसुद्धा तिथं चूक झाली असेल. सोड तो दोरा." मी सोडेना म्हटल्यावर तिनेच टोक नखाने उचललं आणि वेढे उलगडले. खाली पारदर्शक नळी होती. नळीत दोन जोड, दोन्ही चकचकीत, एक थोडा जाड झालेला. तारा सरळ कपलरमध्ये गेलेल्या, कपलर गुंडाळीत बसलेला. मध्ये काही नव्हतं. मी टॉर्चच्या उजेडात पुन्हा बघितलं. इस्माईलभाईंनी बघितलं. वदिनानेही वाकून बघितलं, आणि जाड जोडाकडे बोट करून म्हणाली, "हा पहिला. ओरडले होते यावर."

तिच्या कमरेच्या पिशवीत दोऱ्याची गुंडी होतीच. तिने तिथेच, फुटपाथवर मांडी घालून, जोड पुन्हा बांधला. वेढे मोजल्यासारखे पडत गेले. शेवटचं टोक तिने आतल्या बाजूला खोचलं. विडी वळणाऱ्या बायका खोचतात तसं.

पुण्याला जाताना ती माझ्या शेजारी बसली. किल्ली फिरवल्यावर दिवा पेटला, दोघींनी तो विझेपर्यंत बघितला, आणि मग गाडी निघाली. मोहोळ गेल्यावर ती म्हणाली, "ज्वारीचं पोतं-बितं ठेवलं नाहीस ना मागं?"

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला मी काही सांगितलं नव्हतं. आता वदिनाच्या परवानगीने हे सगळं लिहिते आहे. ती म्हणाली, लिही, आता त्यांच्या हाताचं काम कुणी काढून घेणार नाही.

दुकानाचं शटर बंद आहे. स्टूल इस्माईलभाईंकडे आहे, त्यावर ते बसत नाहीत. माझ्या गाडीच्या डाव्या खांबात विडीचा दोरा आहे.